शूटिंगचं बिल

पाच किंवा त्याहून जास्त माणसं फलक घेऊन एका जागी उभी राहणार असतील, तर नाशिकमध्ये आधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाईआदेश शहरात वर्षातले बरेच दिवस लागूच असतो. पंधरा दिवसांची मुदत संपली, की सण, निवडणूक, आंदोलनं असं काहीतरी कारण देऊन पुढचा निघतो. बेकायदा काही करायचं नसलं तरी परवानगी घ्यावी लागते, ती यामुळे.

आमचा कार्यक्रम तसा किरकोळ होता. रस्ता रुंद करताना आमच्या भागातली जुनी झाडं जाणार होती. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी तासभर मानवी साखळी करायची, घोषणा नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. पण गेल्या हिवाळ्यात नाशिकमध्ये झाड हा शब्दच तापलेला होता. २०२७ च्या सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला होता, आणि त्याविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली होती. आमचा अर्ज पाहून ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "तपोवनवाले का तुम्ही?"

अर्ज माझ्या नावाने गेला होता. मी छोट्या दुकानदारांचे आणि कंत्राटदारांचे हिशेब लिहिते, जीएसटी भरते, त्यामुळे कॉलनीत कागदाचं काम निघालं की ते माझ्या दारात येतं. अर्जासोबत आयोजकांची नावं, मोबाइल नंबर, आधारच्या झेरॉक्स आणि हमीपत्र दिलं. परवानगीबरोबर एक नोटीसही हातात पडली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६८ झालं, पण ठाण्यात अजून सगळे '१४९ ची नोटीस' असंच म्हणतात. काही गडबड झाली तर जबाबदार तुम्ही, आणि ही नोटीस तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल, अशा अर्थाचा छापील मजकूर असतो. सही केली. शांतपणे उभं राहणाऱ्यालाही आधी आरोपीच्या भाषेत पत्र मिळतं, याचं ठाण्यात कुणाला काही वाटत नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपल्यालाही वाटेनासं होतं.

पोलीस ठाण्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं वाईट वागली नाहीत, आणि एका ठाण्यापुरता हा प्रश्न आहे असंही मला वाटत नाही.

रविवारी बंदोबस्ताला एक पीएसआय, काही अंमलदार, दोन महिला पोलीस आणि साध्या कपड्यातला 'गोपनीय'चा माणूस असे आले. हा गोपनीय अंमलदार सगळ्यांना ठाऊक असतो. तो आमच्यातच उभा राहून चहा पितो, कोण कुठल्या पक्षाचं आहे हे विचारतो, वहीत लिहितो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, निदान तो समोर उभा राहून विचारतो तरी. त्यांच्यासोबत आणखी एक पोरगा होता, पंचविशीतला, जीन्स आणि काळा टीशर्ट घातलेला, हातात गिंबलवर, म्हणजे कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्यावर, लावलेला कॅमेरा. पाठीवरच्या बॅगेवर एका फोटो स्टुडिओचा स्टिकर होता. त्यावर मुंडावळ्या बांधलेलं जोडपं, खाली 'प्री-वेडिंग, हळदी, ड्रोन' आणि मोबाइल नंबर.

तो शूट कसा करत होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून निघालं. साखळीच्या एका टोकापासून तो सावकाश चालत निघाला. प्रत्येक चेहऱ्यापाशी दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढचा. मांडवात बसलेलं वऱ्हाड टिपतात ना, हुबेहूब तसं, हाताला सवयच ती. शेवटच्या माणसापर्यंत पोचला, की उलट फिरून दुसऱ्या बाजूने. आमच्यातल्या काही बायकांनी सवयीने हसून पाहिलंदेखील.

माझ्या शेजारी सुरगाणा तालुक्यातली एक मुलगी उभी होती. नाशिकला राहून पोलीस भरतीची तयारी करते, रोज पहाटे मैदानावर धावते, आमच्या गल्लीतल्या झाडांखालूनच जाते म्हणून आली होती. तिने नाशिकच्या निम्म्या मुली बांधतात तसा चेहऱ्याला स्कार्फ बांधलेला होता. कॅमेरा तिच्यापाशी आला तसा एक अंमलदार म्हणाला, "ताई, स्कार्फ जरा खाली घ्या." तिने घेतला. कॅमेरा थांबला, पुढे गेला. मग ती मला हळूच म्हणाली, "मॅडम, हे व्हेरिफिकेशनला तर येणार नाही ना?"

चारित्र्य पडताळणीत गुन्हे पाहतात, आणि झाडाखाली उभं राहणं हा गुन्हा नाही, हे मी तिला सांगितलं. कायदा तिलाही माहीत होता, भरतीच्या अभ्यासातच असतो. तिचा प्रश्न निराळा होता. हे कोण बघणार? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी पीएसआयना गाठलं.

"साहेब, हे शूटिंग कुणासाठी?"

"रेकॉर्डला लागतं मॅडम."

"किती दिवस ठेवता?"

"ते वरती जातं."

"वरती म्हणजे कुठे?"

"मॅडम, तुमचं शांततेत चाललंय ना? मग कशाला काळजी करता?"

पुढे ज्याला ज्याला मी हे विचारलं, त्याने थोड्याफार फरकाने हेच ऐकवलं. चूक नाही तर भीती कसली? मला हे कधीच पटलेलं नाही. ज्याने काही केलं नाही त्याच्यावर कॅमेरा का थांबतो, हे सांगायची जबाबदारी थांबवणाऱ्याची, उभं राहणाऱ्याची नव्हे. राज्यघटनेच्या कलम १९(१)(ख) ने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क दिला आहे. तिथे 'चेहरा नोंदवून' असं लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसले. आमच्या कॉलनीत जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. आयुष्यभर असल्या अर्जांना उत्तरं लिहिली, आता लोकांना अर्ज लिहून देतात. माझा कच्चा मसुदा पाहून त्यांनी तीन वाक्यांवर काट मारली. "तू 'का' विचारलंयस. माहिती अधिकारात 'का'ला उत्तर नसतं. ऑफिसात जो कागद आहे तोच मिळतो. कागद माग." दुसरी अडचण म्हणजे महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत बसवायचा. तेवढ्यात हा सगळा गुंता मांडायचा होता.

शेवटी काय मागितलं, तर शूटिंग करण्याच्या आदेशाची प्रत, ते चित्रीकरण कुठल्या नोंदवहीत नोंदवलं त्या पानाची प्रत, ते किती काळ ठेवायचं आणि केव्हा नष्ट करायचं याचा नियम किंवा परिपत्रक, कुणाकुणाला प्रती दिल्या त्याची जावक नोंद, आणि चित्रीकरणाचं अवलोकन. शेवटी माझ्या धंद्याची सवय म्हणून आणखी एक ओळ घातली. खासगी व्यक्तीकडून काम करून घेतलं असल्यास देयकाची प्रत. काका म्हणाले, बिलाचं काय करणार? मी म्हटलं, असू द्या. सरकारी कार्यालयात नियम सापडणार नाही, आदेश तोंडी असेल, पण पैसे दिले असतील तर कागद असणारच. बिलाशिवाय पैसे सुटत नाहीत.

अर्ज ऑनलाइनही करता येतो, पण मला आवक शिक्क्याची पोच हातात हवी होती. कोर्टाजवळच्या मुद्रांक विक्रेत्याकडून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणला, जोडपत्र 'अ' या अर्जाच्या ठरलेल्या नमुन्याला चिकटवला, ठाण्यात नेऊन दिला. आवक कारकुनाने अर्ज पूर्ण वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वाचला. "शूटिंग तर सगळीकडेच होतं मॅडम," एवढंच म्हणाला आणि शिक्का मारला.

तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. चित्रीकरण आणि त्याची नोंद कलम ८(१)(ज) आणि ८(१)(ञ) अन्वये नाकारली होती. साठवणूक व नष्ट करण्याबाबत 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही'. प्रती कुणाला दिल्या, त्यावर 'गोपनीय स्वरूपाची माहिती'. आदेशावर काहीच नाही. आणि शेवटी, 'देयकाची प्रत सोबत जोडली आहे'.

८(१)(ज) म्हणजे माहिती दिल्याने तपासाला किंवा आरोपी पकडण्याला अडथळा येत असेल तर ती नाकारता येते. आमच्यावर गुन्हाच दाखल नव्हता, तेव्हा तपास कशाचा? हे कलम तर सवयीने टाकलेलं दिसत होतं. ८(१)(ञ) मात्र विचार करून टाकलं होतं. चित्रीकरणात इतर व्यक्ती आहेत, ती त्यांची वैयक्तिक माहिती आहे, म्हणून देता येत नाही. आमच्या खासगीपणाची काळजी आमच्याच अर्जाला नकार देताना आठवावी, हे वाचून मी हसले. पण हसण्यावारी नेण्यासारखंही नव्हतं. या कलमात पूर्वी व्यापक सार्वजनिक हित असेल तर माहिती द्यावी अशी वाट ठेवलेली होती, शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून टाकलं आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आता कलमात उरलंय ते 'वैयक्तिक माहिती' एवढंच. ८(२) मधली सार्वजनिक हिताची तरतूद शाबूत आहे, पण ती आपण शोधून पुढे करावी लागते. त्याच डेटा कायद्यात गुन्हे रोखण्यासाठी आणि तपासासाठी होणाऱ्या कामाला मोठी सूट आहे. म्हणजे कायदा आमचा डेटा पोलिसांपासून सांभाळताना ढिला, आणि पोलिसांची फाइल आमच्यापासून सांभाळताना घट्ट.

आता बिल. साध्या बिलबुकावर हाताने लिहिलेलं, वर स्टुडिओचं नाव, त्याखाली तेच मुंडावळ्यांचं चित्र. 'आंदोलन व्हिडिओ शूटिंग, १. पेन ड्राइव्ह, १.' मागे 'काम समाधानकारक' असा शेरा आणि अधिकाऱ्याची सही. रक्कम किरकोळच. मी बिलं वाचून पोट भरते. बिलात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी पाहायची मला खोड आहे. पेन ड्राइव्ह एक, म्हणजे एक प्रत ठाण्यात गेली. कॅमेऱ्यातल्या कार्डाचं काय? ते जमा केलं, पुसलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या गिऱ्हाइकांत एक फोटोग्राफर आहे. तो काही पुसत नाही, कारण लग्नघरची माणसं वर्षाने येऊन एखाद्या मावशीचा फोटो मागतात.

बिलावर पत्ता होता. मी गेले. तोच पोरगा संगणकावर कुणाच्या तरी साखरपुड्याचा अल्बम लावत बसला होता. मला ओळखलं त्याने. "झाडांच्या वेळी तुम्ही होतात ना ताई?" मी आलेल्या उत्तराचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि सरळ विचारलं, मूळ शूटिंग अजून आहे का तुझ्याकडे?

"आहे ना. हार्ड डिस्कला असतं सगळं. सीझन झाला की जागा करायला डिलीट मारतो." त्याने माउस फिरवला आणि फोल्डरांची यादी उघडली. वधूवरांच्या नावांचे फोल्डर, त्यांच्या मधेमधे 'मोर्चा', 'मोर्चा २', 'पुतळा', 'झाड आंदोलन'. आमच्या फोल्डरवर क्लिक करून त्याने माझ्याकडे पाहिलं. "पाहिजे का तुम्हाला? कॉपी देऊ का?"

जी गोष्ट माझ्या खासगीपणासाठी मला नाकारली गेली होती, ती गल्लीतल्या दुकानात मला पेन ड्राइव्हवर मिळत होती. त्यात त्या पोराचं काही वाईट मनात नव्हतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, एवढंच त्याला माहीत. मी नको म्हटलं. बाकीच्यांना न विचारता त्यांचे चेहरे घरी घेऊन जायचा अधिकार मलाही नव्हता. "कुणालाच देऊ नकोस," म्हटलं, तर तो गोंधळला. "पोलिसांनी तसं काही सांगितलं नाही ताई. ते फक्त पेन ड्राइव्ह घेतात." मग थोडं थांबून म्हणाला, "माझं बिल तर अडकणार नाही ना यात?" त्याची काळजी रास्त होती, म्हणूनच स्टुडिओचंही नाव इथे नाही.

पहिल्या अपिलासाठी वीस रुपयांचा स्टॅम्प, जोडपत्र 'ब', मुदत तीस दिवस. या वेळी थोडं वाचून बसले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच निकालात, माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, असंही सांगितलं आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि हेतूच्या प्रमाणातच हात घालायला हवा. मी या तिन्हींपैकी पहिलंच मागत होते.

आणखी एक खटला सापडला, तो ब्रिटनमधला. जॉन कॅट नावाचे एक वयोवृद्ध गृहस्थ शस्त्रकारखान्याविरुद्धच्या निदर्शनांना जात. तिथे उभे राहून चित्रं रेखाटत. कधी कुठला गुन्हा त्यांच्यावर शाबीत झाला नाही, तरी पोलिसांच्या 'देशांतर्गत अतिरेक्यां'च्या माहितीसाठ्यात त्यांच्या नोंदी होत्या. ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय २०१५ मध्ये त्यांच्या विरोधात गेलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २४ जानेवारी २०१९ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. न्यायालयाने नोंदी घेणं चूक ठरवलं नाही. त्या किती काळ ठेवायच्या याची काही ठाम मर्यादा नसताना ठेवत राहणं चूक ठरवलं. तो निकाल आपल्याकडे लागू होत नाही, पण मला कुठे बोट ठेवायचं ते त्यावरून कळलं. रस्त्यावर कॅमेरा चालू असण्याबद्दल मी वाद घालणार नव्हते. तो बंद झाल्यावर काय होतं, एवढंच धरून ठेवायचं.

आपल्याकडे बंद झाल्यावर काय होतं याचं उदाहरण दिल्लीतलं आहे. तिथल्या पोलिसांनी चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं ते हरवलेली मुलं शोधण्यासाठी. डिसेंबर २०१९ मध्ये रामलीला मैदानावर पंतप्रधानांच्या सभेला येणाऱ्यांचे चेहरे त्यावर तपासले गेले, आणि आंदोलनांच्या वेळी पोलिसांनी केलेल्या चित्रीकरणातून काढलेले चेहरे जुळवणीसाठी वापरल्याच्या बातम्या आल्या. महाराष्ट्र पोलिसांकडेही बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरे जुळवणारी 'ॲम्बिस' नावाची यंत्रणा आहे. ती गुन्हेगारांसाठी आहे. आमचं फोल्डर तिच्यात गेलं असं मी म्हणत नाही. ते गेलं नाही हे सांगणारा कागद ठाण्याकडे नाही, एवढंच म्हणते.

सुनावणी सहायक आयुक्तांपुढे होती. ते सौजन्याने बोलले, बसायला सांगितलं, पाणी विचारलं. माझ्या अर्जाला उत्तर देणारे जनमाहिती अधिकारी तयारीने आले होते. त्यांनी सार्वजनिक मालमत्तेच्या नासधुशीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल काढला. निदर्शनांचं होईल तितकं चित्रीकरण पोलिसांनी करावं, असं त्यात खरोखरच म्हटलं आहे. मी ते नाकारलं नाही. उद्या कुणी बाहेरचा आमच्यात घुसून दगड मारला, तर आमच्या बाजूने साक्ष द्यायला तोच कॅमेरा लागेल. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईपर्यंत चालत गेला, दहावीच्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालला. ती शिस्तही लोकांना कॅमेऱ्यांमुळेच दिसली. "पण साहेब," मी म्हटलं, "तो निकाल नासधूस कुणी केली ते कळावं म्हणून आहे. इथे नासधूस झाली नाही, हे त्याच दिवशी बारा वाजता कळलं. मग बारानंतर ते चित्रीकरण कशासाठी ठेवलंय?"

यावर जनमाहिती अधिकारी म्हणाले, वरिष्ठांच्या मार्गदर्शनाप्रमाणे. मार्गदर्शनाचा कागद? तोंडी.

मग मी स्टुडिओचं सांगितलं. नाव न घेता, पण जे पाहिलं ते सगळं, लग्नांच्या फोल्डरांसकट. इतका वेळ टिपणं घेणाऱ्या सहायक आयुक्तांचं पेन थांबलं. त्यांना खटकलं ते आमच्या खासगीपणासाठी नव्हे, हे मला लगेच समजलं, पण मला त्याची हरकत नव्हती. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्याच्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं, म्हणजे मधे कुणी हात लावला नाही हे सिद्ध करता यावं म्हणून. मूळ फाइल महिनोन् महिने साखरपुड्याच्या अल्बमशेजारी पडून असेल, तर एखाद्या खऱ्या दंगलीच्या खटल्यात बचावाचा वकील त्या पुराव्याची काय अवस्था करेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांनी विचारलं, "हे लेखी द्याल?" मी दिलं.

आदेश आला तो अर्धामुर्धा. ज्या भागात मी स्वतः दिसते तेवढ्या चित्रीकरणाचं अवलोकन करू द्यावं. खासगी चित्रीकरण करणाऱ्याकडून मूळ डेटा नष्ट केल्याचं लेखी घ्यावं आणि त्याची प्रत अर्जदाराला द्यावी. ठेवण्याच्या मुदतीबद्दल जनमाहिती अधिकाऱ्यांचं उत्तर कायम, म्हणजे 'उपलब्ध नाही'. प्रती कुणाला गेल्या, ते गोपनीय.

अवलोकनाचा पहिला तास मोफत असतो. तेवढाही लागला नाही. ठाण्यातल्या एका खोलीत, मुद्देमालाच्या पोत्यांशेजारी, जुन्या संगणकावर एका महिला अंमलदाराने फाइल लावली. माझा भाग येईपर्यंत फाइल पळवत न्यावी लागली, त्यामुळे बरंच दिसलं. रस्त्याची वाहतूक अडली का, रुग्णवाहिकेला वाट दिली का, असलं त्यात जवळपास काहीच नव्हतं. महापालिकेचे अधिकारी येऊन आमच्याशी बोलले, तेव्हा कॅमेरा झाडाखाली लावलेल्या आमच्या गाड्यांकडे होता. एकेक स्कूटर, एकेक नंबर प्लेट, मागे 'आईची कृपा' वगैरे लिहिलेलं सगळं वाचता येईल इतकं स्थिर. मग चेहरे. मी आले. मी कॅमेऱ्याकडे पाहतही नव्हते, शेजारी बोलत होते. आणि माझ्याच चौकटीत, माझ्या खांद्याला लागून, ती सुरगाण्याची मुलगी. फलक बगलेत धरून दोन्ही हातांनी स्कार्फची गाठ सोडताना.

अंमलदार बाईंनी तिथे फाइल थांबवली. "तुमचं तेवढं झालं ना ताई?" मग त्यांनीच स्क्रीनकडे बघत विचारलं, "ही भरतीवाली आहे का? शूज तसे दिसतात." त्या स्वतः त्याच मैदानावर धावून भरती झालेल्या होत्या. मी हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, खिडकी बंद केली, वहीत माझी सही घेतली.

काकांना मी हे सगळं येऊन सांगितलं, तर त्यांचं मत वेगळंच. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तेव्हाही पोलीस रोजचं टिपण वर पाठवत होते, म्हणाले. आज अभ्यासक त्याच कागदांवरून लिहितात. "ठेवू दे की. शंभर वर्षांनी कुणीतरी पीएच.डी. करेल तुमच्या झाडांवर." विनोद म्हणून ठीक. पण त्या कागदांवर आता अभिलेखागाराचा क्रमांक आहे, कुणीही अर्ज करून ते पाहू शकतं. सरकारी कागदाला 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी असते, तो किती वर्षं ठेवायचा ते ठरलेलं असतं, नष्ट करताना यादी होते, ही तर काकांच्याच नोकरीभरची शिकवण. पोलीस ठाण्याच्या आतल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरणसुद्धा किती ठेवायचं ते सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात सांगितलं आहे, अठरा महिने, आणि ते जमत नसेल तिथे निदान एक वर्ष. मी ज्या चित्रीकरणात आहे, त्याचं असं काही सांगणारा कागद मला मिळालेला नाही. ते काकांच्या 'अ'त नाही, 'ड'तही नाही. पेन ड्राइव्हमध्ये आहे.

डेटा नष्ट केल्याच्या प्रमाणपत्राची प्रत मात्र वेळेत मिळाली. स्टुडिओच्याच बिलबुकाच्या पानावर, त्या पोराच्या अक्षरात, 'सदर आंदोलनाचा डेटा डिलीट केला आहे.' आंदोलन एकवचनी. 'मोर्चा', 'मोर्चा २' आणि 'पुतळा'चं काय झालं, ते विचारायला त्या मोर्च्यांमधल्या कुणालातरी अर्ज करावा लागेल.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे केलं आहे, जोडपत्र 'क', पुन्हा वीस रुपये. त्यात मागण्या दोनच ठेवल्या. ठेवण्याची मुदत ठरवणारा कागद नसेल तर 'नाही' असं शपथपत्रावर द्यावं, आणि ज्या कार्यक्रमात गुन्हा नोंदलेला नाही त्याच्या प्रती कुणाला गेल्या, ते पदनामासह सांगावं. माहिती अधिकार कायद्यातल्या गोपनीयतेच्या कलम २४(४) मागे कुणी गेलंच, तर मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपाशी संबंधित माहितीला ते कलम अडवत नाही, हे त्याच्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या ओळीत, आहे. ते परंतुकही जोडलं. तारीख यायची आहे.

त्या मुलीची मैदानी चाचणी झाली. निकाल लागायचा आहे, म्हणून ती पुढच्या कार्यक्रमाला आली नाही. मीही आग्रह केला नाही.

पुढच्या कार्यक्रमाच्या परवानगीच्या अर्जात मी एक परिच्छेद वाढवला. चित्रीकरण करायचं झाल्यास पोलिसांनी स्वतःच्या साधनावर करावं, खासगी व्यक्तीकडून करू नये, चेहरा उघडा करायला सांगू नये, आणि गुन्हा न घडल्यास ते केव्हा नष्ट करणार ते कळवावं. ठाणे अंमलदारांनी वाचून विचारलं, "हे कुणी लिहायला सांगितलं?" मी म्हटलं, कुणी नाही. शिक्का मारून दिला. परवानगी आली, १४९ ची नोटीस आली, परिच्छेदावर उत्तर नाही.

त्या दिवशी स्टुडिओचा पोरगा आला नाही. एक अंमलदार स्वतःच्या मोबाइलवर शूट करत होता. मधेच त्याला घरून फोन आला, तो बोलला, मग पुन्हा शूट करू लागला. त्या मोबाइलमधून ते कुठे जातं, हा प्रश्न चालू अपिलात घालता येत नाही, त्याला स्वतंत्र अर्ज लागतो. मसुदा झाला आहे, दीडशे शब्दांत बसवायचा बाकी आहे. दहाचे कोर्ट फी स्टॅम्प मी आता कोर्टाकडे गेले की चार-पाच एकदमच घेऊन येते.